घोडे गेले, पलटण राहिली
पोलंडच्या १२व्या पोडोलियन उलान पलटणीची युद्धकथा

दुसऱ्या महायुद्धाविषयी थोडेबहुत वाचलेल्या माणसाला पोलंडच्या घोडदळाची एक गोष्ट हमखास ठाऊक असते. सप्टेंबर १९३९ मध्ये जर्मन रणगाडे पोलंडमध्ये घुसले तेव्हा पोलिश स्वार हातात भाले घेऊन त्या पोलादी रणगाड्यांवर तुटून पडले आणि चिरडले गेले, अशी ती गोष्ट. कोणी ती कौतुकाने सांगतो, कोणी कीव करीत सांगतो, तर कोणी अविचाराचे उदाहरण म्हणून सांगतो. गोष्ट मात्र खरी नाही. ती कशी निर्माण झाली आणि त्या घोडदळाने प्रत्यक्षात काय केले, हे जाणून घेण्यासाठी आपण एका पलटणीच्या पाठोपाठ जाऊ या. तिचे नाव १२वी पोडोलियन उलान पलटण. युद्धाच्या पहिल्याच दिवशी ती लढली, पुढे नामशेष झाली, परदेशात पुन्हा उभी राहिली, आणि १८ मे १९४४ रोजी संत बेनेडिक्ट यांच्या उद्ध्वस्त मठावर प्रथम निशाण फडकले ते तिचेच.

उलान म्हणजे कोण?

‘उलान’ हा शब्द मूळचा तुर्की-तातारी. त्याचा मूळ अर्थ तरुण मुलगा असा आहे. पोलंडच्या राजांच्या पदरी तातार स्वार होते. त्यांच्यावरून हलक्या, चपळ, भालाधारी घोडदळाला हे नाव पडले. पुढे १७९५ साली पोलंड देशच नकाशावरून पुसला गेला. रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांनी तो आपापसांत वाटून घेतला. त्यानंतरच्या सव्वाशे वर्षांत उलान हा पोलिश माणसाच्या मनात स्वातंत्र्याचे प्रतीक होऊन बसला. १९१८ साली देश पुन्हा जन्माला आला आणि १९२० साली बोल्शेविक सैन्याविरुद्ध झालेल्या युद्धात या घोडदळाने मोठी कामगिरी बजावली. आपली १२वी पलटण त्या युद्धातही होती.

पोडोलिया हा आजच्या युक्रेनच्या पश्चिम व नैऋत्य भागातील सुपीक प्रदेश. पलटणीने नाव त्या भूमीचे घेतले होते. तिची छावणी मात्र शेजारच्या व्होलिनिया प्रांतात, क्रेमेनेत्स गावाजवळ होती. पोलिश, युक्रेनियन आणि यहुदी लोक तेथे पिढ्यान्‌पिढ्या शेजारी म्हणून राहत होते. हा प्रदेश वाचकांनी ध्यानात ठेवावा, कारण या कथेचा शेवट त्याच्याशी निगडित आहे.

भाल्यांची दंतकथा

१९३९ साली पोलंडपाशी घोडदळाच्या अकरा ब्रिगेड होत्या. पोलंडमधील रस्ते थोडे, जंगले व दलदली पुष्कळ. मोटारींना लागणारा पैसाही तुटपुंजा. अशा देशात सैनिकाला एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी त्वरेने नेण्याचे साधन म्हणजे घोडा. लढाईच्या जागी पोहोचल्यावर स्वार खाली उतरत, काही जण घोड्यांचे लगाम धरून मागे आडोशाला थांबत आणि बाकीचे जमिनीवर आडवे होऊन पायदळाप्रमाणे बंदुकीने लढत. त्यांच्याजवळ ३७ मिलिमीटरच्या रणगाडाविरोधी तोफा होत्या आणि चिलखत भेदणाऱ्या लांब नळीच्या बंदुकाही होत्या. भाला प्रत्यक्ष लढाईतून केव्हाच बाद झाला होता.

मग ती दंतकथा आली कोठून? १ सप्टेंबर १९३९ रोजी संध्याकाळी उत्तर पोलंडमधील क्रोयान्ती गावाजवळ १८व्या पोमेरेनियन उलान पलटणीच्या काही स्वारांनी जर्मन पायदळावर घोड्यांनिशी हल्ला चढविला. मागे हटणाऱ्या पोलिश पायदळाला उसंत मिळवून देणे, हा त्यामागचा हेतू होता. जर्मन पायदळ विस्कळीत झाले. तेवढ्यात झाडीतून जर्मनांच्या चिलखती गाड्या बाहेर आल्या आणि त्यांच्या मशिनगनच्या माऱ्यात वीसच्या आसपास स्वार पडले. पलटणीचे प्रमुख कर्नल काझिमिएश मास्तालेश हेही त्यांत होते. दुसऱ्या दिवशी त्या जागी काही इटालियन वार्ताहरांना आणण्यात आले. त्यांना मेलेले घोडे आणि मेलेले स्वार दिसले. शेजारी चिलखती वाहने उभी होती. घोडदळाने रणगाड्यांवर हल्ला केला, अशी बातमी तेथून जगभर गेली.

ही बातमी अनेकांच्या सोयीची ठरली. पोलिश लोक मागासलेले आहेत, असे जगाला भासविणे नाझी प्रचारयंत्रणेला हवेच होते. युद्धानंतर पोलंडमध्ये आलेल्या साम्यवादी राजवटीला जुन्या सैन्याचे अधिकारी मूर्ख होते, हे दाखवायचे होते. आणि खुद्द काही पोलिश मनांनाही पराभवाच्या दुःखात ती शोकान्त, काव्यमय प्रतिमा जवळची वाटली. अशा रीतीने एका खोट्या गोष्टीला तीन घरांत आश्रय मिळाला.

मोक्रा : युद्धाचा पहिला दिवस

क्रोयान्तीची घटना घडली त्याच दिवशी देशाच्या नैऋत्य सीमेजवळ मोक्रा गावी जे घडले, त्याची बातमी मात्र जगभर गेली नाही. मोक्रा हे चेंस्तोखोवाच्या परिसरातील लहानसे खेडे. काळ्या मरियेच्या पवित्र प्रतिमेमुळे चेंस्तोखोवा हे पोलंडचे सर्वांत मोठे तीर्थक्षेत्र मानले जाते. येथे कर्नल युलियान फिलिपोविच यांच्या नेतृत्वाखाली व्होलिनियन घोडदळ ब्रिगेड उभी होती. तिच्या चार पलटणींपैकी एक म्हणजे आपली १२वी पोडोलियन पलटण. समोर होती जर्मनांची चौथी पँझर डिव्हिजन, तीनशेहून अधिक रणगाडे घेऊन आलेली.

सकाळपासून संध्याकाळपर्यंत लढाई चालली. स्वारांनी घोडे मागे जंगलात ठेवले होते. रेल्वेच्या बांधाचा आडोसा घेऊन, जळणाऱ्या घरांच्या धुरात त्यांनी एकामागून एक हल्ले परतविले. ‘श्मियावी’ म्हणजे ‘धाडसी’ या नावाची एक चिलखती आगगाडी ऐन मोक्याच्या क्षणी रुळांवरून पुढे आली आणि तिच्या तोफांनी जर्मन रणगाड्यांमध्ये गोंधळ उडविला. दिवस मावळला तेव्हा जर्मनांची डझनावारी वाहने शेतांत निकामी होऊन पडली होती आणि ब्रिगेड अद्याप आपल्या जागी होती. स्वारांची व घोड्यांचीही हानी मोठी झाली. शेजारच्या आघाड्या कोसळू लागल्यामुळे ब्रिगेडला लवकरच मागे सरावे लागले. परंतु त्या एका दिवसापुरते तरी घोडदळाने रणगाड्यांना थोपविले, आणि तेही भाल्यांनी नव्हे, तर तोफांनी, शिस्तीने व जमिनीच्या ज्ञानाने.

१७ सप्टेंबर रोजी सोव्हिएत रशियाने पूर्वेकडून पोलंडवर आक्रमण केले. दोन जात्यांमध्ये देश भरडला गेला. महिनाअखेर राजधानी वॉर्सा शत्रूच्या स्वाधीन झाली आणि इतर पलटणींप्रमाणे १२वी पलटणही इतिहासजमा झाली.

सायबेरियाची वाट

पूर्व पोलंड सोव्हिएत रशियाने गिळंकृत केला. युद्धकैदी झालेल्या अधिकाऱ्यांसह सुमारे २२ हजार पोलिश नागरिकांची १९४० च्या वसंत ऋतूत स्टालिनच्या आज्ञेने हत्या करण्यात आली. काटिन हे नाव त्यावरूनच जगाला ठाऊक झाले. १९४० आणि १९४१ या दोन वर्षांत लाखो लोकांना घरांतून उचलून मालगाड्यांच्या डब्यांत कोंबून सायबेरिया, कझाकस्तान व उत्तरेकडील लाकूडतोडीच्या छावण्यांत पाठविण्यात आले. त्यांत सैनिकांची कुटुंबे होती, शेतकरी होते, शिक्षक होते, वनरक्षक होते. भूक, थंडी आणि रोगराई यांनी त्यांच्यातील कितीतरी जण दगावले.

जून १९४१ मध्ये हिटलर रशियावर उलटला आणि चित्र पालटले. ३० जुलै १९४१ रोजी पोलंडचे निर्वासित सरकार आणि सोव्हिएत रशिया यांच्यात करार झाला. रशियाच्या भूमीवर पोलिश सेना उभारण्याचे ठरले आणि तिच्या नेतृत्वासाठी मॉस्कोच्या लुब्यान्का तुरुंगातून एका कैद्याला बाहेर काढण्यात आले. ते होते जनरल व्लादिस्लाव अँडर्स. तेही मूळचे घोडदळाचेच. १९३९ साली ते एका घोडदळ ब्रिगेडचे प्रमुख होते. त्यांच्या नावाने निघालेली वार्ता छावण्याछावण्यांत पोहोचली आणि फाटक्या कपड्यांतील, पायांना चिंध्या गुंडाळलेले हजारो कैदी शेकडो मैलांची वाट तुडवीत भरतीच्या ठाण्यांवर येऊ लागले.

१९४२ साली ही सेना कास्पियन समुद्र ओलांडून इराणमध्ये आली. सैनिक आणि नागरिक मिळून सुमारे १ लाख १५ हजार माणसे रशियातून बाहेर पडली. किनाऱ्याला लागल्यावरही टायफस व हगवण यांनी अनेकांचा बळी घेतला. इराणमधील पोलिश कबरी त्याची साक्ष देतात. सैनिक पुढे इराक व पॅलेस्टाइनकडे गेले. स्त्रिया, मुले आणि वृद्ध यांना आसरा देणारे देश शोधावे लागले. त्यांत आपला देशही होता. नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी जामनगरजवळ बालाचडी येथे पोलिश मुलांना आश्रय दिला. कोल्हापूरजवळ वळिवडे येथे १९४३ पासून १९४८ पर्यंत सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची वसाहत होती. त्यांत बहुसंख्य स्त्रिया व मुले होती आणि त्यांपैकी अनेकांचे वडील, पती वा भाऊ अँडर्स यांच्या सेनेत होते. इटलीच्या डोंगरांवर लढणाऱ्या कितीतरी पोलिश सैनिकांची घरची माणसे त्या वेळी पंचगंगेच्या खोऱ्यात त्यांच्या पत्रांची वाट पाहत होती, हे आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत असते.

घोड्याविना घोडदळ

मध्यपूर्वेत ही सेना नव्याने बांधण्यात आली. तिसऱ्या कार्पेथियन डिव्हिजनला टेहळणीसाठी एका पलटणीची आवश्यकता होती. त्या पलटणीला १२व्या पोडोलियन उलान पलटणीचे नाव देण्यात आले. आता घोडे नव्हते. त्यांची जागा चिलखती गाड्यांनी घेतली. तरी पदांची जुनी नावे, निशाणाचे रंग, रीतिरिवाज आणि पलटणीचा इतिहास, सारे काही जसेच्या तसे जतन करण्यात आले.

बाहेरच्या माणसाला यात केवळ हौस वाटेल. पण या माणसांची परिस्थिती पाहा. त्यांचे घर गेलेले, गाव परक्याच्या ताब्यात, कुटुंब कोठे आहे याचा पत्ता नाही, दोन वर्षे त्यांनी छावणीत केवळ एक क्रमांक म्हणून काढलेली. अशा माणसाला जुन्या पलटणीचे नाव मिळते तेव्हा त्याला नातेवाईकच मिळतात. आपण कोणाचे वारस आहोत आणि कोठे परतायचे आहे, हे त्याला त्या नावातून रोज आठवत राहते. म्हणूनच घोडा गेल्यानंतरही उलान उरला.

संत बेनेडिक्ट यांचा डोंगर

१९४४ च्या आरंभी अँडर्स यांची दुसरी पोलिश कोर इटलीत उतरली. रोमकडे जाणारा हमरस्ता जर्मनांनी कासिनो गावापाशी अडवून धरला होता. त्या गावाच्या माथ्यावर पाचशे मीटरहून अधिक उंचीवर मॉन्ते कासिनोचा मठ आहे. इ. स. ५२९ च्या सुमारास संत बेनेडिक्ट यांनी तो स्थापन केला आणि तेथेच त्यांनी आपली सुप्रसिद्ध नियमावली लिहिली. पाश्चात्त्य ख्रिस्ती जगतातील मठवासी जीवनाला त्या नियमावलीने आकार दिला.

१५ फेब्रुवारी १९४४ रोजी दोस्त राष्ट्रांच्या दोनशेहून अधिक विमानांनी या मठावर बॉम्बवर्षाव केला. मठात जर्मन सैन्य आहे असा त्यांचा समज होता. प्रत्यक्षात आत काही संन्यासी आणि आश्रयाला आलेले शेकडो ग्रामस्थ होते. त्या ग्रामस्थांपैकी पुष्कळ जण मृत्युमुखी पडले. वृद्ध मठाधिपती ग्रेगोरिओ दियामारे हे वाचलेल्यांना घेऊन, पुढे लाकडी क्रूस धरून, डोंगर उतरले. मठातील अनमोल हस्तलिखिते व ग्रंथ काही महिने आधीच रोमला हलविण्यात आल्यामुळे वाचले होते. बॉम्बवर्षावानंतर मात्र जर्मन छत्रीधारी सैनिकांनी त्या भग्नावशेषांचा ताबा घेतला आणि मठ खरोखरीच एक किल्ला बनला. ज्या भीतीपोटी तो पाडला, ती पाडल्यामुळेच खरी ठरली.

त्या डोंगराखाली अनेक देशांचे सैनिक पडले. अमेरिकन, ब्रिटिश, फ्रेंच, न्यूझीलंडचे, आणि भारतीयही. फेब्रुवारी व मार्च महिन्यांत चौथ्या भारतीय डिव्हिजनने येथील उतारांवर प्रचंड हानी सोसली. मे महिन्याच्या अखेरच्या लढाईत खाली नदीच्या काठी आठवी भारतीय डिव्हिजन लढत होती. तिच्यातील शिपाई कमल राम यांना त्या कामगिरीबद्दल व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यानंतर दोनच महिन्यांनी इटलीतच आणखी उत्तरेला मराठा लाइट इन्फन्ट्रीचे नाईक यशवंत घाडगे यांनी प्राणार्पण करून तोच सन्मान मिळविला.

एप्रिलच्या अखेरीस मठासमोरील डोंगर पोलिश कोरच्या हाती सोपविण्यात आले. उलानांच्या चिलखती गाड्या त्या खडकाळ उतारांवर निरुपयोगी होत्या. त्यामुळे ते पुन्हा एकदा पायी लढले, जसे मोक्रा येथे लढले होते. दिवसा हालचाल करणे अशक्य. पाणी, भाकरी आणि दारूगोळा रात्री खेचरांच्या पाठीवरून वर जाई आणि पुढचा चढ माणसे स्वतःच्या खांद्यावर घेऊन चढत. ११ मेच्या रात्री पहिला हल्ला झाला. तो फसला. मठाच्या मागील ज्या टेकडीसाठी कार्पेथियन डिव्हिजनने सर्वाधिक रक्त सांडले, तिचे स्थानिक नाव ‘मॉन्ते काल्वारिओ’, म्हणजे कालवारीचा डोंगर. १७ मे रोजी दुसरा हल्ला झाला. इकडे फ्रेंच सैन्याने दक्षिणेकडील पर्वत ओलांडले होते आणि ब्रिटिश, भारतीय व कॅनेडियन सैन्य खोऱ्यातून पुढे सरकत होते. वेढले जाण्याच्या भीतीने जर्मनांनी त्या रात्री मठ सोडला.

१८ मेची सकाळ

१८ मे १९४४. सकाळी दहाच्या सुमारास १२व्या पोडोलियन पलटणीची एक छोटी टेहळणी तुकडी मठाच्या दिशेने निघाली. तुकडीचे प्रमुख होते लेफ्टनंट काझिमिएश गुर्बिएल आणि सोबत बारा-तेरा जण. सुरुंगांनी भरलेला उतार पार करून ते भिंतींच्या ढिगाऱ्यावर चढले. आत प्रतिकार करणारे कोणी उरले नव्हते. मागे राहिले होते ते काही जखमी जर्मन सैनिक. त्यांना कैद करण्यात आले. तुकडीपाशी मोठे निशाण नव्हते. मिळाले त्या कापडाच्या तुकड्यांतून घाईघाईने शिवलेले पलटणीचे छोटे निशाण त्यांनी त्या भग्नावशेषांवर उभारले. त्यानंतर पोलंडचा पांढरा-तांबडा ध्वज चढला. दुपारी बारा वाजता बिगुलवादक एमिल चेख यांनी क्राकूवचा ‘हेयनाव’ वाजविला.

‘हेयनाव’ ही क्राकूव शहरातील पवित्र मरियेच्या मंदिराच्या मनोऱ्यावरून दर तासाला वाजणारी धून आहे. ती मध्येच तुटते. तातारांच्या स्वारीत इशारा देणाऱ्या तुतारीवाल्याच्या गळ्यात बाण घुसला आणि सूर अर्धाच राहिला, अशी तिच्यामागची आख्यायिका. हजारो मैलांची पायपीट करून आलेल्या माणसांनी तो अर्धवट सूर संत बेनेडिक्ट यांच्या ढासळलेल्या मठातून ऐकला, तेव्हा अनेक कणखर सैनिकांचे डोळे पाणावले.

त्याच दिवशी शत्रूच्या ताब्यातील क्राकूवमध्ये एक तरुण आपल्या वयाची २४ वर्षे पूर्ण करीत होता. कारखान्यात मजुरी करून तो गुप्तपणे धर्मगुरुपदाचे शिक्षण घेत होता. त्याचे नाव कारोल वोयतीवा. पोप दुसरे जॉन पॉल या नावाने तो १८ मे १९७९ रोजी, म्हणजे आपल्या ५९व्या वाढदिवशी, मॉन्ते कासिनो येथील पोलिश दफनभूमीत आला आणि आपल्या देशबांधवांच्या कबरींपाशी त्याने प्रार्थना केली.

विजय मिळाला, घर मिळाले नाही

मॉन्ते कासिनोच्या त्या लढाईत पोलिश कोरचे नऊशेहून अधिक सैनिक ठार झाले आणि सुमारे तीन हजार जखमी झाले. पलटण पुढेही लढत राहिली. एप्रिल १९४५ मध्ये बोलोन्या शहर मुक्त करण्यात तिच्या डिव्हिजनचा वाटा होता. परंतु त्याआधीच, फेब्रुवारी १९४५ मध्ये, याल्टा परिषदेत तीन बड्या नेत्यांनी पोलंडची पूर्व सीमा पश्चिमेकडे सरकविली होती. पोडोलिया, व्होलिनिया, क्रेमेनेत्सची ती जुनी छावणी, सारे सोव्हिएत संघात गेले. ज्या गावांसाठी हे सैनिक रशियातून इराण, इराक, पॅलेस्टाइन आणि इटली असा फेरा करीत आले होते, ती गावेच त्यांच्या देशात उरली नाहीत. ही वार्ता त्यांनी आघाडीवर असताना ऐकली आणि तरीही ते शेवटपर्यंत लढले.

युद्धानंतर बहुतेकांनी ब्रिटनमध्ये आणि अन्य देशांत नवे आयुष्य सुरू केले. जे मायदेशी परतले त्यांच्याकडे साम्यवादी राजवट संशयाने पाहत राहिली. जनरल अँडर्स यांचे नागरिकत्व १९४६ साली काढून घेण्यात आले. ते १२ मे १९७० रोजी लंडनमध्ये निवर्तले आणि त्यांच्या इच्छेप्रमाणे मॉन्ते कासिनो येथे आपल्या सैनिकांमध्ये विसावले. तेथे हजाराहून अधिक कबरी आहेत. क्रूसाखाली विसावलेले कॅथलिक, ऑर्थोडॉक्स पंथीय आणि दाविदाच्या ताऱ्याखाली विसावलेले यहुदी, असे सारे एकाच उतारावर आहेत. त्या प्रदेशात जसे ते शेजारी होते, तसेच येथेही आहेत. या सैनिकांचा आत्मा देवाला, देह इटलीच्या भूमीला आणि हृदय पोलंडला अर्पण झाले, अशा आशयाचा लेख तेथे कोरलेला आहे.

समोरच्या माथ्यावर मठ पुन्हा जसाच्या तसा बांधण्यात आला. २४ ऑक्टोबर १९६४ रोजी पोप सहावे पॉल यांनी तेथील मंदिराचे अभिषेकपूर्वक समर्पण केले आणि संत बेनेडिक्ट यांना युरोपचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केले.

मृतांविषयी खरी साक्ष

खोटी साक्ष देऊ नये, ही आज्ञा आपण जिवंत शेजाऱ्याच्या संदर्भात शिकतो. मृतांच्या बाबतीत ती अधिक काटेकोरपणे पाळली पाहिजे, कारण त्यांना आपली बाजू मांडता येत नाही. भाल्यांची दंतकथा ऐकायला चटकदार आहे; पण तिच्यात माणसे वेडी ठरतात आणि त्यांना मारणाऱ्यांचा अपराध हलका होतो. खरा इतिहास तिच्याहून साधा आहे. या स्वारांनी तोफेचा वापर शिकून घेतला, आवश्यक तेव्हा घोड्यावरून उतरून ते मातीत आडवे झाले, देश गमावल्यावर पलटणीचे नाव जपले, आणि सोडून दिलेल्या मठात शिरल्यावर जखमी शत्रूला ठार न मारता कैदी केले. त्या सकाळी मठात मोठी लढाई झाली नाही, हेही सांगितलेच पाहिजे. लढाई आधीच्या रात्रींत झाली होती आणि ती लढलेले कित्येक जण निशाण पाहण्यास उरले नव्हते.

त्यांच्यासाठी प्रार्थना करताना आपल्या परिसरातील त्या परक्या कबरींचीही आठवण ठेवावी. मायदेशाची वाट पाहता पाहता कोल्हापूरच्या मातीत विसावलेल्या पोलिश माता आणि बालके याच कथेतील आहेत. प्रभू त्यांना चिरंतन शांती देवो.